दुखणं थांबल्याच्या दुसऱ्या दिवशी

परभणीच्या अंजनाबाई सोनकांबळे अंगणवाडी चालवायच्या. महिन्यातून तीनदा त्यांची अर्धशिशी उठायची. मग जुन्या लुगड्याची चिंधी कपाळाला करकचून बांधायची, डोळे अर्धे मिटून भाकऱ्या थापायच्या आणि चाळीस लेकरांची हजेरी घ्यायला निघायचं. हजेरी त्या घ्यायच्या, त्यांच्यामागून लता मदतनीस लेकरं पुन्हा मोजायची. सरकारी नियमच असेल, असं त्यांच्या मुलीला वाटायचं. तिसरीत असताना ही मुलगी, धम्मदीपा, एकदा 'डोकं दुखतंय' म्हणून शाळा बुडवायला निघाली. अंजनाबाईंनी एकदाच सांगितलं, "डोकं हाय म्हणून दुखायलंय. ज्यांना नाही, त्यांचं दुखत नाही. ऊठ."

धम्मदीपा उठली. ती जी उठली ती थेट जर्मनीतल्या डार्मश्टाटला जाऊन थांबली.

आईकडून तिला दोन गोष्टी मिळाल्या होत्या, अर्धशिशी आणि हट्ट. तिथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत ती विहिरींच्या पाण्यातले कीटकनाशकांचे अंश मोजायची. एका तलावात चिमूटभर मीठ टाकलं तर सापडेल का, असं काम. तीन वर्षांत एक दिवस आजारपणाची रजा नाही. त्या देशात सर्दी झाली तरी डॉक्टर पिवळी चिठ्ठी लिहून देतो आणि माणूस बिनदिक्कत तीन दिवस घरी झोपतो. तिच्याच लॅबमधला पुण्याचा सिद्धेश पटवर्धन वर्षातून चारदा असा झोपायचा आणि कुणाच्या बापाचं काही जायचं नाही. पण सिद्धेश झोपला तर सिद्धेश आजारी असतो. धम्मदीपा झोपली तर? तिच्या कॉलेजात सूचनाफलकापाशी उभं राहून लोक काय कुजबुजायचे ते तिने ऐकलं होतं. कुठल्या यादीतून आली, किती मार्कांवर आली. युनिव्हर्सिटीत पहिली आली तेव्हाही कुजबुज थांबली नव्हती, फक्त आवाज खाली गेला होता. असल्या लोकांच्या हातात आपल्या डोक्याची तक्रार आपणच नेऊन द्यायची? ती काय वेडी होती?

म्हणून तिने गोळी गिळायची, लॅबच्या खिडकीचा पडदा ओढायचा आणि काम करायचं. दुखण्याच्या दिवशी ती दुप्पट सावध असायची. प्रत्येक आकडा तीनदा बघायची. त्या दिवसांची तिला भीती नव्हती.

भीती वाटावी अशी एक वेगळीच गोष्ट होती, आणि तिला ती नीटशी धरता येत नव्हती. एखाद्या दिवशी डोकं अजिबात दुखत नसताना एकच ओळ चार वेळा वाचावी लागायची. रोज हातात असलेल्या पिपेटचं नाव ओठांवर यायचं नाही आणि ती नुसतीच बोटाने 'ते, ते' करत राहायची. ट्राममध्ये बसून लुइझेनप्लात्झचा मोठा चौक कधी मागे गेला हे कळायचं नाही. एकदा घराची किल्ली दह्याच्या डब्याशेजारी फ्रिजमध्ये सापडली. तेव्हा ती हसली होती. पण नोव्हेंबर २००६ मध्ये हसण्यासारखं राहिलं नाही.

एका बुधवारी डोकं फुटायला आलं होतं. गुरुवारी लख्ख उतरलं. असा गुरुवार उजाडला की माणसाला वाटतं आपण आत्ताच जन्मलो. ती शीळ घालत लॅबमध्ये आली आणि मोजमापासाठी लागणारी सहा प्रमाण-द्रावणं तयार केली. वजन करायचं, विरळ करायचं, चिठ्ठी लावायची. हजारदा केलेलं काम. त्यातलं चौथं द्रावण तिने दोनदा विरळ केलं. त्या द्रावणांवर पुढचे तीन आठवडे मोजमाप झालं आणि ते सगळंच्या सगळं पाण्यात गेलं.

प्रोफेसर ब्रेनर ओरडणारा माणूस नव्हता. तो चष्मा काढायचा. त्या दिवशी त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"फ्राऊ सोनकांबळे, चुका सगळ्यांकडून होतात. पण तुम्ही एका दिवशी या लॅबमधल्या सगळ्यात चोख असता आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासारख्या. मी कोणत्या फ्राऊ सोनकांबळेवर भरवसा ठेवू?"

तिने टेबलावरच्या चष्म्याकडे पाहिलं.

"मे महिन्यात मोजमापाची शेवटची मालिका आहे," तो म्हणाला. "वसंतातलं पाणी एकदाच मिळतं. बाटल्या मोजक्या आहेत, दुसरा प्रयत्न नाही. तोवर असं पुन्हा झालं तर ती मालिका हेर पटवर्धन करतील."

'हेर' म्हणजे तिकडचं 'श्रीयुत', आणि हा श्रीयुत म्हणजे सिद्धेश. म्हणजे तीन वर्षं विहिरी हिने हिंडायच्या, चिखलात हिने उभं राहायचं आणि प्रबंधाचा कणा दुसऱ्याच्या हाताने बसवायचा. बाहेर आली तर कॉफीच्या मशीनपाशी सिद्धेश उभा. त्याला सगळं कळलेलंच होतं.

"अगं, एवढं लावून घेऊ नकोस," तो म्हणाला. "सगळ्यांनाच रिसर्च झेपतो असं नाही. इंडस्ट्रीत छान नोकऱ्या आहेत."

तो सहज बोलला. अशी माणसं नेहमी सहजच बोलतात. धम्मदीपाने भरायला घेतलेला कप खाली ठेवला आणि निघून गेली.

हिवाळाभर तिने दात-ओठ खाऊन काम केलं. एप्रिल आला. चौदा एप्रिल त्या वर्षी शनिवारी होता. जयंतीला आजूबाजूची पंधरा-वीस कुटुंबं म्युनिकजवळ उंटरश्लाइसहाइमला जमायची. लहूकाका तिथेच राहायचे. आठवडाभर एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचे आणि शनिवार-रविवार माणसं जोडायचे. मूळचे वर्ध्याचे, पन्नाशीचे, आवाज असा की माइक लाजावा.

शुक्रवारी दुपारी तिकडे निघालेल्या गाडीतच तिचं डोकं उठलं. मानेपासून डाव्या डोळ्यापर्यंत कोणी खिळा ठोकत आणावा तसं. तिने गोळी घेतली, काळा स्कार्फ आईसारखा कपाळाला आवळला. समोरच्या म्हातारीने जागा बदलली. लहूकाकांच्या घरी पोचल्यावर ती जेवलीही नाही, सरळ झोपली.

शनिवारी डोकं लख्ख.

भाड्याच्या हॉलमध्ये निळे झेंडे लागले होते. हॉलच्या रखवालदाराने आगीच्या भीतीने दोनच मेणबत्त्यांना परवानगी दिली होती. त्यावरून लहूकाका त्याच्याशी अर्धा तास जर्मनमध्ये भांडले आणि तिसरी मिळवली. वंदना झाली, पंचशील झालं. मग बावीस प्रतिज्ञा. एकाने म्हणायच्या, बाकीच्यांनी त्याच्यामागून म्हणायच्या. हा मान दरवर्षी धम्मदीपाचा. नऊ वर्षांची असल्यापासून ती त्या पुस्तिकेशिवाय म्हणायची. त्या दिवशीही तिने हात जोडून, मान ताठ ठेवून, खणखणीत आवाजात म्हटल्या. हॉल मागोमाग घुमला. टाळ्या झाल्या. मग वरण-भात, वांग्याची भाजी, खीर.

खिरीची वाटी घेऊन लहूकाका तिच्याकडे आले. त्यांचं म्हणणं की ते हळूच बोलले. पूर्ण हॉलने ऐकलं.

"पोरी, एकवीसच झाल्या."

"काय एकवीस?"

"प्रतिज्ञा. मी बोटांच्या पेरांवर मोजतो दरवर्षी. सतरावी गळाली."

"शक्य नाही, काका."

"दारूची," लहूकाका म्हणाले. "म्युनिकला येऊन नेमकी दारूचीच गाळलीस? इथले बियरवाले आता तुझा सत्कार करतील!"

हॉल हसला. एक नवा इंजिनिअर मागून ओरडला, "म्हणजे ताई, या वर्षी आम्हाला सूट?"

"सूट कसली रे?" लहूकाका फिरले. "पंचशीलात दारूची शपथ घेतलीसच ना? तिथून कुठे पळशील?"

धम्मदीपा नाही हसली. तिचा पारा चढला होता. "मी नऊ वर्षांची असल्यापासून म्हणतेय. तुमचीच पेरं कमी भरली असतील."

भांडण मिटवलं ते लहूकाकांच्या मुलीने, ईश्वरीने. चौदा वर्षांची पोर, मराठी सगळं समजायची आणि उत्तर जर्मनमध्ये द्यायची. तिने हँडीकॅमवर सगळं घेतलं होतं. छोटासा पडदा धम्मदीपापुढे धरून ती तिच्या जर्मनमध्ये म्हणाली, "इथे बघ. इथे उडी मारलीस."

पडद्यावर धम्मदीपा सोळावी म्हणत होती. लोक मागून म्हणत होते. मग एक श्वास. आणि मग तीच ताठ मान, तोच खणखणीत आवाज, अठरावी. मध्ये अडखळणं नाही, आठवायचा प्रयत्न नाही, काहीच नाही. लोकांनीही कानावर पडलं ते म्हटलं होतं.

तिने तीनदा बघितलं. चुकल्याचं दुःख एवढं नव्हतं. चुकताना कळलंच नाही, याचं होतं.

तिचा चेहरा बघून लहूकाकांनी हॉलकडे पाठ केली आणि आता खरोखरच हळू बोलले. "सोळाला तू होतीस. अठरालाही तूच होतीस. सतराला कुठे गेली होतीस, पोरी?"

"काल डोकं दुखत होतं," ती म्हणाली. हे वाक्य तिने तिसरीनंतर पहिल्यांदाच मोठ्या माणसासमोर उच्चारलं. "पण आज काहीच नाही, काका. आज मी एकदम ठीक आहे."

लहूकाकांनी खीर चमच्याने ढवळली. "माझा बाप प्यायचा. सकाळपर्यंत उतरायची त्याची. बोलायला नीट, चालायला नीट. पण माझी आजी त्याला दुपारपर्यंत सायकल द्यायची नाही. म्हणायची, उतरली असं त्याला वाटतं, मला नाही वाटत."

रविवारी परतीच्या गाडीत डार्मश्टाट येईपर्यंत धम्मदीपाच्या डोक्यात ती आजी आणि ती सायकल फिरत होती.

सोमवारी तिने दोन वह्या शेजारी ठेवल्या. एक लॅबची वही. त्या वहीचा नियम कडक. खोडरबर नाही, पान फाडायचं नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचं दिसेल अशी, आणि शेजारी सही-तारीख. दुसरी होती खिशातली कॅलेंडरची वही. गोळ्या किती झाल्या ते कळावं म्हणून दुखण्याच्या दिवशी ती त्यात लाल ठिपका द्यायची. दोन्ही वह्या एकाच टेबलावर असायच्या, पण एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या.

चौदा महिन्यांत वहीत अकरा मोठ्या चुका. लाल ठिपक्याच्या दिवशी एकही नाही. आठ चुका ठिपक्याच्या दुसऱ्या दिवशी. दोन आदल्या दिवशी, जेव्हा नुसत्या जांभया येतात आणि मान आखडते. अकरावीला कसलाच ठिपका जवळ नव्हता. ती तिची स्वतःची, शंभर नंबरी चूक होती, आणि तिच्याबद्दलही धम्मदीपाला त्या दिवशी प्रेम वाटलं. ती खुर्चीत मागे रेलली आणि एकटीच हसली. तीन वर्षं ती दारावर कडक पहारा देत होती आणि चोर खिडकीतून येत होता.

मेंदूच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टरीणबाईंना नवल वाटलं नाही, आणि याचंच हिला नवल वाटलं. बाई म्हणाल्या, मायग्रेन म्हणजे नुसतं दुखणं नव्हे. दुखण्याच्या आधी आणि नंतरही लक्ष टिकत नाही, शब्द सापडत नाहीत, एखादी पायरी निसटते. एखाद-दोन दिवसांनी जागेवर येतं. "बुद्धी कुठे जात नाही," बाई म्हणाल्या. "लोक दुखणं सांगतात. हे सांगत नाहीत. सगळ्यांना वाटतं, आपण मठ्ठ झालो."

"मला वाटलं नव्हतं," धम्मदीपा ताडकन म्हणाली. मग थोड्या वेळाने, "वाटलं होतं."

आता प्रोफेसरला सांगायचं होतं. त्याच्या दारापाशी जाऊन ती दोनदा परत आली. सांगितलं आणि तो म्हणाला की ठीक आहे, मग मालिका हेर पटवर्धनांना देऊ, तर? नाही सांगितलं आणि मे महिन्यात पुन्हा एक सतरावी गळाली, तर? पहिल्यात अपमान होता. दुसऱ्यात पाणी वाया जाणार होतं. विहिरींवर राबलेली बाई अपमान सोसते, पाणी वाया घालवत नाही. ती आत गेली आणि दोन्ही वह्या उघडून त्याच्यापुढे ठेवल्या.

ब्रेनरने चष्मा काढला नाही. उलट नाकावर घट्ट बसवला आणि अकराच्या अकरा जागा बोट ठेवून वाचल्या.

"आल्झो, असं आहे तर," तो शेवटी म्हणाला. "मग मे महिन्याचं काय करणार?"

"मालिका मीच करणार. पण ठिपक्याच्या आदल्या-नंतरच्या दिवशी वजन करताना माझ्याशेजारी दुसरं माणूस असेल. मी आकडा मोठ्याने वाचीन, ते माणूस मोठ्याने वाचेल. दोन्ही जुळले तरच लिहायचं."

"गेनाऊ, अगदी बरोबर. दोघांचे डोळे," ब्रेनर म्हणाला. त्याला बरं वाटलेलं दिसलं. बिघाड कुठे आहे ते कळलं की त्या देशातल्या माणसाची अर्धी काळजी मिटते. "हेर पटवर्धन मोकळे आहेत."

जगात साडेसहा अब्ज माणसं, आणि मोकळं कोण, तर हेर पटवर्धन!

बाटल्या गोठवलेल्या होत्या. मे महिन्यातल्या एका मंगळवारी त्या वितळायला काढल्या, आणि मंगळवारीच दुपारी खिळा ठोकला गेला. वितळलेलं पाणी थांबत नाही. बुधवारी सकाळी धम्मदीपा लॅबमध्ये आली. डोकं लख्ख होतं, शीळ ओठांवर आली होती. ती तिने गिळली.

"सिद्धेश, आज माझा दुसरा दिवस आहे. बस इथे."

तराजूच्या काचेच्या पेटीपुढे दोघं बसले. ती आकडा वाचायची, तो म्हणायचा. पाच-सहा झाले. तिने तिरकं पाहिलं. सिद्धेशची नजर खिडकीबाहेर होती आणि तोंड तिचाच आकडा म्हणत होतं.

"ए! माझ्यामागून म्हणू नकोस!"

"अगं, तूच म्हणालीस ना, मोठ्याने म्हण."

"वाच म्हणाले. माझ्यामागून म्हणायला अख्खा हॉल होता माझ्याकडे. सगळ्यांनी म्हटलं आणि सगळे चुकले. तू स्वतःच्या डोळ्यांनी बघ आणि स्वतःचं म्हण."

सिद्धेशला हॉलचं काही कळलं नाही, पण खुर्ची पुढे ओढण्याइतकं कळलं. मग नीट चाललं. चौदाव्या वजनाला तिने वाचलं, "शून्य पूर्णांक शून्य चार आठ दोन."

"शून्य चार दोन आठ," सिद्धेश म्हणाला.

"आठ दोन."

"दोन आठ, धम्मदीपा."

तिच्या पेनाने आधीच 'आठ दोन' उमटवलं होतं. तिने काचेतून पुन्हा पाहिलं. दोन आठ. हिरवे आकडे शांतपणे उभे होते, काही झालंच नाही असे. एका क्षणापूर्वी तिने शपथेवर आठ दोन सांगितलं असतं. तिने आडवी एक रेघ मारली, वर बरोबर आकडा लिहिला, सही केली आणि वही त्याच्याकडे सरकवली.

"तुझीही सही कर."

त्याने केली. पुढचे बावीस आकडे जुळले. दुपारी दोनला पेटीचं दार बंद केलं तेव्हा सिद्धेशचा घसा बसला होता. पाण्याची बाटली रिकामी करून तो जरा चाचरत म्हणाला, "तेव्हा कॉफीपाशी मी जे बोललो..."

"बोललास. आठवतंय मला," धम्मदीपा म्हणाली. "असलं मी कधीच गाळत नाही."

तो ओशाळून हसला. तीही हसली, पण 'जाऊ दे' असं म्हणाली नाही. उद्याही त्यानेच बसायचं होतं, आणि ओशाळलेला माणूस नीट वाचतो.

दहा दिवसांत मालिका पूर्ण झाली. ब्रेनरने शेवटच्या पानावर सही करताना त्या आडव्या रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाला की या वहीतली त्याला सगळ्यात आवडलेली जागा ही. जर्मन माणसाचं कौतुक असंच असतं, चुकीवर बोट ठेवूनच करतो. तिला ते पुरलं.

रविवारी तिने परभणीला फोन लावला.

"काय करायलीस?" अंजनाबाईंनी विचारलं. "माझं डोकं उठलं होतं काल. सूर्य उगवायच्या आधी दूध-जिलेबी खाल्ली, तवा उतरलं."

"माय, इथे सूर्य पाचला उगवतो आणि जिलेबी कुठेच उगवत नाही." मग तिने सगळं सांगितलं. सतरावी, दोन वह्या, दुसरा दिवस, सिद्धेश. शेवटी विचारलं, "माय, तुझं कधी असं झालं?"

पलीकडे अंजनाबाईंनी पंखा बंद केला.

"एक बारी," अंजनाबाई म्हणाल्या. "तू पोटात होतीस. आदल्या दिशी लई दुखलं होतं. त्या दिशी बरी होते. सुटताना हजेरी घेतली, चाळीस म्हणून लिवलं, कुलूप लावून निघाले. लताचा डबा आत राहिला म्हणून ती माघारी गेली, तर एक लेकरू आतच. कोपऱ्यात झोपलेलं."

"मग?"

"मग काय? त्याच्या आईच्या हातात दिलं. तवापासून मी मोजल्यावर लता मोजती. मी किती मोजले ते तिला सांगायचं नाही, तिने तिचे मोजायचे, मग दोघींनी बोलायचं."

धम्मदीपा खुर्चीतून उठलीच. "तीस वर्षं? आणि मला वाटायचं सरकारी नियम आहे!"

"सरकार कशाला करतंय असले नियम?"

"अगं, मग मला का नाही सांगितलंस कधी? तिकडे माझी तीन आठवड्यांची मेहनत गेली!"

"तू कधी म्हणलीस का डोकं दुखतंय म्हणून?" अंजनाबाई म्हणाल्या. "तिसरीत एकदा म्हणली होतीस. मग मला वाटलं, थांबलं."